सात हजार पत्ते आणि एक दिवाळी अंक: कामाच्या नोंदी, जुलै ते नोव्हेंबर २०२५

सांगलीहून आम्ही दरवर्षी एक दिवाळी अंक काढतो. संपादन दादांकडे, वितरण आणि हिशेब माझ्याकडे. प्रकाशनपूर्व सवलतीची पत्रं वाचकांना ईमेलने पाठवायची, एवढंच काम होतं. ते धड जमायला चार महिने गेले. लहान प्रकाशक, नाट्यसंस्था, बागायतदार, कुणालाही आपल्या यादीतल्या माणसांना मेल पाठवायचे असतील तर उपयोग व्हावा म्हणून वहीतल्या नोंदी इथे उतरवते आहे. चुका गाळलेल्या नाहीत.

८ जुलै, मंगळवार

एक्सेलच्या यादीत ७,३१२ ओळी. अंकाच्या जीमेल खात्यावरून ९०-९० पत्ते बीसीसीत, म्हणजे एकमेकांना न दिसणाऱ्या रकान्यात, घालून पाठवायला बसले. पाच गठ्ठे गेले. सहावा परत आला आणि खात्यावरून पाठवणं बंद झालं.

जीमेलच्या फुकट खात्यावरून २४ तासांत ५०० जणांनाच मेल पाठवता येतो. आणि मोजतात ती माणसं. बीसीसीत ९० जण असले की ते ९० धरले जातात. मला वाटत होतं, सहाच तर पत्रं पाठवतेय.

खरा फटका वेगळ्याच ठिकाणी बसला. त्याच खात्यावर छापखान्याने जाहिरातींच्या दरपत्रकाचं प्रूफ पाठवलं होतं. मेल वाचता येत होता, उत्तर देता येत नव्हतं. फोन करून "छापा" म्हटलं, पण त्यांना लेखी होकार लागतो. मशीन दुसऱ्याच्या कामाला गेलं, आमचं दरपत्रक दोन दिवसांनी हातात आलं. ज्या खात्यावर रोजचा व्यवहार चालतो त्यावरून गठ्ठ्याने मेल पाठवायचे नाहीत, हे त्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

१० जुलै

सल्ले आले. ओळखीच्या एका प्रकाशकांनी सांगितलं, पाच खाती काढा, प्रत्येकावरून रोज ५०० पाठवा. एकाने फोनवर एक लाख "पुस्तकप्रेमींचे" पत्ते साडेतीन हजारांत देऊ केले. दोन्हींना नाही म्हटलं. पाच नावांनी एकच मजकूर पाठवणारा माणूस बाहेरून फसवणाऱ्यासारखाच दिसतो. आणि विकत घेतलेल्या यादीतल्या एकानेही आमच्याकडे अंक मागितलेला नाही.

पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये असलेला भाचा रात्री फोनवर तासभर बोलला. "मावशी, मर्यादा कशी ओलांडायची हे विचारूच नकोस. तुझ्या यादीतल्या किती जणांना हे पत्र खरंच हवंय, ते आधी सांग." मला उत्तर देता आलं नाही.

गुगल वर्कस्पेसच्या पैसे भरलेल्या खात्याला दिवसाला २,००० मेलची मुभा आहे. पण तेही शेवटी रोजच्या व्यवहाराचंच खातं होणार. म्हणून असं ठरवलं: मेल ॲमेझॉन एसईएस या गठ्ठ्याने मेल पाठवणाऱ्या सेवेमार्फत पाठवायचे, हजार मेलना १० सेंट. यादी, मजकूर, नाव कमी करणं हे सगळं लिस्टमंकवर. लिस्टमंक मुक्त सॉफ्टवेअर आहे, झिरोधाचे कैलाश नाध यांनी लिहिलेलं. त्यासाठी एक लहान सर्व्हर भाड्याने घेतला, महिना ५६० रुपये. मांडणी भाच्याने शनिवारी तीन तासांत केली.

१४ ते १९ जुलै

यादीची सफाई. या कामाचा हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कंटाळवाणा भाग, आणि पुढे जे काही निभावलं ते यामुळेच.

एकच पत्ता कधी मोठ्या अक्षरात, कधी शेवटी रिकामी जागा सोडून, अशा दुहेरी नोंदी १,०४६ निघाल्या. राहिले ६,२६६. चुकीचे लिहिलेले पत्ते, म्हणजे जीमेलचं 'जीमिअल', मधलं चिन्हच गायब, असे १८३. ते अंदाजाने दुरुस्त करायचा मोह झाला, पण केले नाहीत. चुकीच्या वाटणाऱ्या नावांची खरी डोमेनंही, म्हणजे इंटरनेटवरची नोंदलेली नावं, असतात. त्यातली काही तर पत्ते न विचारता मेल पाठवणाऱ्यांना पकडण्यासाठीच ठेवलेली असतात. ज्यांचे फोन नंबर होते त्यांना विचारू म्हणून ते १८३ वेगळे काढले. राहिले ६,०८३.

मग मूळ वह्या काढल्या. कोण कुठून आलं? ग्रंथप्रदर्शनाच्या नोंदवह्या, वर्गणीदारांचे अर्ज, ऑनलाइन ऑर्डरी. आणि १,५४० पत्ते असे, ज्यांनी कधी अंक मागितलाच नव्हता. कथा-कविता पाठवणारे लेखक, जाहिरातदारांची व्हिजिटिंग कार्डं, एका संमेलनात जमवलेले पत्ते. कथा पाठवणाऱ्याने पत्ता दिला तो कथेचं काय झालं हे कळावं म्हणून. त्या पत्त्यावर विक्रीचं पत्र पाठवायचा हक्क आपल्याला कुणी दिला? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही संमती ठरावीक कारणापुरतीच धरलेली आहे. १,५४० नावं बाजूला.

राहिले ४,५४३. त्यांतले गेल्या तीन दिवाळ्यांत अंक घेतलेले किंवा मागितलेले २,२१८, आणि २०१४ ते २०२१ या काळातले २,३२५.

दादांना आकडा सांगितला तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. "सात हजारांचे दोन हजार केलेस तू," एवढंच म्हणाले.

२१ ते २५ जुलै

पाच दिवस डीएनएसमध्ये, म्हणजे आपल्या डोमेनच्या जाहीर नोंदी भरण्यात गेले. जाणत्या माणसाला हे काम अर्ध्या तासाचं आहे.

पहिला प्रश्न, पाठवणारा पत्ता कोणता. दादांना जुना जीमेलचाच पत्ता हवा होता, वाचक ओळखतात म्हणून. पण जीमेलच्या नावाचा मेल दुसऱ्याच्या सर्व्हरवरून निघाला तर तो खोट्या सहीचा ठरतो. अंकाचं संकेतस्थळ २०१७ पासून आहे, म्हणजे डोमेन आपलं आहे. त्यावर 'पत्र' नावाचं उपडोमेन काढलं आणि गठ्ठ्याचे मेल तिथूनच पाठवायचं ठरवलं. काही बिघडलं तर मुख्य नावाला कमी धक्का बसेल. वाचकाने उत्तर दिलं की ते जुन्या जीमेलवर येईल अशी सोय केली. दादांचं समाधान झालं.

डीकेआयएम म्हणजे मेलवरची शिक्कामोर्तब सही. त्यासाठी एसईएस तीन सीनेम नोंदी (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणाऱ्या) देतं. मी त्या दिल्या तशा पूर्ण नावानिशी भरल्या. आमच्या डोमेनवाल्यांचं पॅनेल शेवटी डोमेनचं नाव आपोआप जोडतं, त्यामुळे ते दोनदा लागलं. "नोंद पसरायला वेळ लागतो" असं समजून मी दोन दिवस वाट पाहत बसले. भाच्याने बाहेरून तपासलं आणि पाच मिनिटांत सापडलं. नोंद भरल्यावर तासाभरात ती बाहेरून तपासा, नुसती वाट पाहू नका.

दुसरी चूक जास्त महागात पडली. कुठलं तरी मार्गदर्शन वाचून मी मुख्य डोमेनवर एसईएससाठी एसपीएफची, म्हणजे आपल्या नावाने मेल पाठवायची परवानगी कोणत्या सर्व्हरना आहे ते सांगणारी, नवी नोंद घातली. तिथे संकेतस्थळ बांधणाऱ्याने पूर्वीच घातलेली एक होती. एका नावावर एसपीएफच्या दोन नोंदी झाल्या की दोन्ही निकामी ठरतात. तीन दिवस आमच्या ऑनलाइन ऑर्डरींच्या पावत्या लोकांच्या स्पॅममध्ये जात होत्या. मला कळलं ते एका वाचकाने फोन करून "पैसे कापले, पावती नाही" म्हटल्यावर. आणि ती नोंद मुळात लागतच नव्हती. एसईएससाठीचा एसपीएफ उपडोमेनच्या परतीच्या पत्त्यावर हवा होता.

डीमार्क शेवटी, म्हणजे या दोन्ही तपासण्यांत न बसणाऱ्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद. धोरण सर्वात मवाळ ठेवलं: काही अडवू नका, फक्त आम्हाला अहवाल पाठवा. त्या अहवालांतूनच समजलं की पावत्यांवर डीकेआयएमची सही कधीच नव्हती. तीही करून घेतली.

फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचं केलं आहे. गुगलच्या हिशेबात मोठी संख्या म्हणजे जीमेलच्या खात्यांना दिवसाला ५,००० किंवा जास्त. आम्ही त्यात बसत नाही. तरीही सगळं केलं. लहान माणसाच्या मेलकडेही तेच यंत्र बघतं.

२८ जुलै ते ५ ऑगस्ट

नव्या खात्याला एसईएस आधी चाचणीच्या कुंपणात ठेवतं. दिवसाला २०० मेल, सेकंदाला एक, आणि तेही आधी पडताळलेल्या पत्त्यांनाच. घरातल्या दहा पत्त्यांवर चाचणी घेतली. लिस्टमंक एकदम दहा मेल पाठवू पाहत होतं, तिकडून '४५४, वेग जास्त' असं उत्तर आलं. लिस्टमंकमध्ये एकावेळी एक आणि सेकंदाला एक, असं बांधून टाकलं.

कुंपणाबाहेर यायला अर्ज करावा लागतो. मी दोन ओळी लिहिल्या: आम्ही मासिकवाले आहोत, वाचकांना कळवायचं आहे. त्यांनी जास्त माहिती मागितली. बरोबरच होतं, त्या दोन ओळींतून काही कळत नव्हतं. दुसऱ्यांदा पान भरून लिहिलं. पत्ते कुठून आले, किती गाळले आणि का, वर्षातून किती पत्रं, नाव कमी करायची सोय कशी, परत आलेल्या पत्त्यांचं काय करणार. दोन दिवसांत परवानगी मिळाली, दिवसाला ५०,००० मेल, सेकंदाला १४.

पन्नास हजारांचा आकडा पाहून हुरळून जाऊ नका. ती गाडीची क्षमता झाली. जीमेलच्या लेखी आमचं उपडोमेन अजून अनोळखीच होतं, आणि अनोळखी माणसाने पहिल्याच दिवशी दोन हजार दारं ठोठावू नयेत. क्रम असा ठरवला: २००, मग ४००, मग ६००, मग उरलेले १,०१८.

१२ ऑगस्ट

पहिले २००. गेल्या वर्षी ज्यांनी स्वतः ऑर्डर दिली होती असेच निवडले, कारण पत्र उघडून उत्तर देण्याची शक्यता त्यांचीच जास्त. तीन पत्ते परत आले. दुपारपर्यंत १९ ऑर्डरी. संध्याकाळी दादांनी स्वतः चहा केला.

१४ ऑगस्ट

परवा परत आलेले तिन्ही पत्ते लिस्टमंकमध्ये अजून चालूच दिसत होते. परतीची खबर एसईएसकडून लिस्टमंकला पोचतच नव्हती. मी ती जोडणी मुख्य डोमेनला केली होती, मेल जात होते उपडोमेनवरून. जोडणी बदलली, एसईएसच्या चाचणीच्या पत्त्यावर मुद्दाम परत येणारा मेल पाठवून खात्री केली, मग ४०० सोडले. हे पहिल्याच दिवशी तपासायला हवं होतं. मेलेल्या पत्त्यांवर पुन्हा पुन्हा मेल पाठवणारा म्हणून नाव झालं की ते पुसायला फार वेळ लागतो.

१८ ऑगस्ट

वाईट दिवस.

काही नावांपुढे 'श्री.' आणि 'श्रीमती' उलटसुलट झाले होते, म्हणून यादी एक्सेलमध्ये उघडून सुधारली, सीएसव्ही (साध्या मजकुराची फाइल) म्हणून जतन केली, परत चढवली. स्वतःला चाचणीचा मेल पाठवला, ठीक दिसला. ६०० सोडले. अर्ध्या तासात एका लेखिकाबाईंचं उत्तर आलं: "माझ्या नावाची प्रश्नचिन्हं का झाली?"

ज्यांची नावं मराठीत टाइप केलेली होती अशा २१२ जणांना 'प्रिय ??????' असं पत्र गेलं होतं. एक्सेलमध्ये 'सीएसव्ही' आणि 'सीएसव्ही यूटीएफ-८' असे दोन पर्याय असतात; यूटीएफ-८ म्हणजे सगळ्या लिप्या सांभाळणारी अक्षरं साठवायची पद्धत. पहिला निवडला की देवनागरी पुसली जाते आणि प्रश्नचिन्हं उरतात. माझं स्वतःचं नाव यादीत रोमन लिपीत होतं, म्हणून चाचणीत काही दिसलं नाही. मराठीचा अंक काढणाऱ्यांकडून मराठी नावांचीच ही गत व्हावी, याचं मला फार वाईट वाटलं.

दादा म्हणाले, सगळ्यांना लगेच माफीचं पत्र पाठव. त्यावर आम्ही बराच वेळ बोललो. एका दिवसात दुसरा मेल म्हणजे ज्यांनी पहिला उघडलाही नाही त्यांना उगाच त्रास. शेवटी ज्या ११ जणांनी लिहिलं त्यांना दादांनी स्वतः नाव घालून उत्तरं लिहिली, आणि पुढच्या पत्रात सर्वांसाठी एक ओळ टाकली. चाचणीच्या यादीत आता चार नावं ठेवली आहेत: एक जोडाक्षरांचं, एक रोमन, एक फार लांब आणि एक कोरं.

२० ऑगस्ट

उरलेले १,०१८ गेले. एकूण २,२१८ पैकी २७ परत, म्हणजे सव्वा टक्का. ४१ जणांनी नाव कमी केलं.

दादांनी स्वतःच्या जीमेलमध्ये पत्र उघडलं. पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी जीमेलने 'सदस्यत्व रद्द करा' असं दाखवलं होतं. त्यांना ते लागलं. "वाचकाला आपल्या नावापुढे पहिलं काय दिसतं, तर हे? काढ ते." ते लिस्टमंकमधल्या एका खुणेवर चालतं. मी दुसऱ्या दिवशी खूण काढली. पत्राच्या तळाशी दुवा आहेच, असा विचार केला.

२२ ऑगस्ट

जुन्या यादीला हात घातला. २०१४ ते २०१८ मधले १,४८० आणि २०१९ ते २०२१ मधले ८४५. दोन्हींतून शंभर-शंभर जणांना छोटं पत्र पाठवलं: पूर्वी आपण आमचा अंक घेतला होता, यापुढे कळवलेलं हवं असेल तर इथे टिचकी मारा, नाही मारलीत तर हे शेवटचं पत्र.

नव्या शंभरांत ४ परत. जुन्या शंभरांत १४.

तिथेच थांबले आणि कागदावर हिशेब केला. जुने १,४८० सगळे पाठवले असते तर १४ टक्क्यांनी २०७ परत आले असते, आधीचे २७ धरून २३४. एकूण ३,६९८ मेलांत हे सव्वासहा टक्के होतात. एसईएस ५ टक्क्यांना खातं चौकशीखाली घेतं आणि १० टक्क्यांना पाठवणं थांबवू शकतं. शिवाय दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गुगलने डिसेंबर २०२३ पासून काढून टाकायला सुरुवात केली आहे. त्यामुळे २०१५ चा पत्ता आज जिवंत असेल, हे गृहीत धरण्यात अर्थ नाही.

८४५ चं काम रोज शंभर या गतीने पुढे चालू ठेवलं. १,४८० चं सोडून दिलं.

दादांना हे सांगणं जड गेलं. अंकाची पहिली पाच वर्षं ज्यांनी उचलून धरली ते हे लोक. पण टपालाचे पत्ते आपल्याकडे आहेत, हे त्यांच्याच लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी ते पोस्टातून पन्नास पैशांची २४० पोस्टकार्डं घेऊन आले आणि लिहायला बसले.

२८ ऑगस्ट

काल गणपती बसले. आजचं काम मात्र वेगळंच निघालं. २५ तारखेपासून टपाल खात्याने अमेरिकेला जाणारी बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं आहे, तिकडच्या जकातीचे नियम बदलल्यामुळे. आमच्या यादीत अमेरिकेतले २१४ वाचक आहेत. त्यातल्या ६३ जणांनी टपालखर्चासह पैसे भरलेले.

सगळ्या यादीला एक निवेदन पाठवणं सोपं होतं. पण मिरजेच्या वाचकाला अमेरिकेच्या पार्सलचं काय? त्या ६३ जणांना तीन पर्याय दिले: पैसे परत, पीडीएफ, किंवा इथल्या नातेवाइकांचा पत्ता. उरलेल्या १५१ जणांना वेगळं, चार ओळींचं पत्र. ६३ पैकी ५८ जणांनी दोन दिवसांत उत्तर दिलं. इतकी उत्तरं कुठल्याच पत्राला आली नाहीत.

२ सप्टेंबर

गौरी-विसर्जनाचा दिवस. दुसरं मोठं पत्र, २,१५० जणांना. दादांची इच्छा होती की अंकातली एक कथा पूर्णच द्यावी. चाचणी घेतली, चारही नावं बरोबर आली, सोडलं.

६ सप्टेंबर

एसईएसच्या फलकावर तक्रारी शून्य. मी निश्चिंत होते. मग एका काकांचा फोन आला: "अहो, ते बंद करायचं कुठं असतं तुमच्याकडं? मला सापडलं नाही, म्हणून मी ते स्पॅमात टाकलं." दिवसभरात 'माझं नाव काढा' अशी नऊ उत्तरं आली.

९ सप्टेंबर

पुढच्या पत्राची चाचणी जीमेलच्या चार पत्त्यांवर घेतली. तीन ठिकाणी ते स्पॅममध्ये.

भाचा आणि मी रात्री बसलो. जीमेल साधारण १०२ किलोबाइटच्या पुढचा मेल कापतं आणि 'पूर्ण संदेश पहा' असा दुवा ठेवतं. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीला तीन. आणि काना, वेलांटी, मात्रा, जोडाक्षरातला हलन्त, हे सगळे वेगवेगळे मोजले जातात, प्रत्येकी तीन. कथा साडेचार हजार शब्दांची, म्हणजे ऐंशी किलोबाइटच्या आसपास, वर सजावटीचे पंचवीस-सव्वीस. कापलं गेलं ते शेपूट, आणि नाव कमी करायचा दुवा शेपटातच होता. वरची सोय मी दादांच्या म्हणण्यावरून आधीच काढलेली. म्हणजे जीमेलवरच्या वाचकाला आमच्यापासून सुटायला दोनच वाटा उरल्या होत्या, मला लिहिणं किंवा स्पॅमचं बटण दाबणं.

तक्रारी शून्य का दिसल्या, तेही तेव्हाच कळलं. कुणी स्पॅम म्हटलं की याहू किंवा आउटलुक पाठवणाऱ्याला कळवतात, जीमेल तसं एकेकाचं कळवत नाही. ते एकत्रित प्रमाण गुगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये दाखवतं, आणि आमच्याएवढ्या कमी मेलना तिथे काही दिसतच नाही. स्पॅमचं प्रमाण ०.१ टक्क्याच्या खाली ठेवा आणि ०.३ ला कधीच पोचू देऊ नका, असं गुगल सांगतं. दोन हजार मेलांत ०.३ टक्के म्हणजे सहा माणसं. सहा काका.

दादांना सगळं दाखवलं. त्यांनी तीनदा विचारलं, लोक खरंच त्या बटणाने जातात? मग म्हणाले, "जाऊ इच्छिणाऱ्याला दार दाखवायला हवं होतं. लाव परत."

केलेले बदल असे. वरची एका टिचकीची सोय परत चालू. नाव कमी करायचा दुवा पत्राच्या पहिल्या परिच्छेदाखालीही, साध्या मराठीत: 'ही पत्रं नको असल्यास इथे सांगा.' कथा संकेतस्थळावर, पत्रात फक्त सुरुवातीचे दोन परिच्छेद. पत्र कधीही ६० किलोबाइटच्या वर जाऊ द्यायचं नाही. कुणी किती वेळा उघडलं हे मोजणंही बंद केलं. ॲपलचा मेल चित्रं आपोआप आधीच उतरवून घेतो, त्यामुळे तो आकडा खरा नसतो. आणि वाचकाच्या पाठीशी उभं राहून बघण्यासारखंच ते मला वाटत होतं.

दोन आठवडे काहीही पाठवायचं नाही असं ठरलं. पितृपक्ष असल्यामुळे ऑर्डरीही थंडच असतात.

२४ सप्टेंबर

परवा घट बसले. त्याच दिवशी ऑगस्टपासून ज्यांनी ऑर्डर दिली किंवा उत्तर लिहिलं अशा फक्त ४३० जणांना लहान पत्र पाठवलं होतं. चाचणीच्या चार पत्त्यांपैकी तीन ठिकाणी ते मुख्य पेटीत आलं. आज उरलेल्यांना, तासाला ३०० अशा गतीने. लिस्टमंकमध्ये तशी मर्यादा लावता येते. २०१९ ते २०२१ च्या ८४५ मधून टिचकी मारून होकार दिलेले १९६ जणही आता यादीत आहेत. त्या ८४५ मधले एकूण ३८ मेल न पोचता परत आले, उरलेल्यांची नावं पुसली.

कशाने सुधारलं हे खात्रीने सांगता येत नाही. सोय परत लावली, पत्र लहान झालं, थांबलो, आवडीने वाचणाऱ्यांपासून सुरुवात केली, हे सगळं एकदमच केलं होतं.

१६ ऑक्टोबर

उद्या वसुबारस. अंक दसऱ्यानंतर तीन दिवसांनी आला, बहुतेक पार्सलं गेली. कालपासून अमेरिकेचं टपाल पुन्हा सुरू झालं. ज्यांनी 'थांबतो' म्हटलं होतं त्यांना एकेकाला कळवलं.

पत्रांमधून ४३८ ऑर्डरी. खर्च: सर्व्हर पाच महिन्यांचा धरून २,८००, एसईएसचे सगळे मिळून शंभर रुपयांच्या आसपास, पोस्टकार्डांचे १२०. माझे तास मोजले तर सव्वाशेच्या वर, त्यातले निम्मे तरी यादी साफ करण्यात. पैशांचा प्रश्न कधीच नव्हता.

१८ नोव्हेंबर

माहिती संरक्षण कायद्याचे नियम याच महिन्यात अधिसूचित झाले. प्रदर्शनात ठेवायचा कागद बदलून घेतला. पूर्वी नाव, फोन, ईमेल असे तीनच रकाने होते. आता दोन चौकोन जास्त: 'अंकाची माहिती ईमेलने हवी' आणि 'टपालाने हवी'. खाली तारीख आणि सही. दोन्ही चौकोन कोरे छापले आहेत, खूण वाचकानेच करायची. यादीतही प्रत्येक नावापुढे होकार कधी आणि कुठे दिला याचा रकाना घातला.

नऊ महिने गप्प राहून पुढच्या ऑगस्टमध्ये एकदम दोन हजार पत्रं पाठवली तर आम्ही पुन्हा अनोळखी होणार. म्हणून जानेवारीत आणि एप्रिलमध्ये एकेक लहान पत्र पाठवायचं आहे. काही विकायचं नाही, अंकातल्या लेखांवर आलेली वाचकांची पत्रं त्यात छापू.

दादांच्या २४० पोस्टकार्डांना आतापर्यंत ५२ उत्तरं आली. त्यात ३१ जणांनी नवा ईमेल दिला. लातूरच्या एका निवृत्त शिक्षकांनी उलट टपाली पोस्टकार्डावर लिहिलंय: "अंक हवा. मेल नको. कार्ड लिहीत जा." त्यांचं नाव ईमेलच्या यादीतून काढून कार्डांच्या वहीत घेतलं आहे.